मराठी टाइपरायटरच्या नादात १५,३५० रुपये घालवले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. ३१ वर्षं सरकारी कार्यालयात टंकलेखक होतो. ओटीपी देऊ नका, लिंक दाबू नका, हे कॉलनीत मीच सांगत फिरतो. त्यामुळे कोणी "काकाजी, तुमी कसे काय फसले?" असं विचारलं की डोकं भणभणतं.

१९८६ साली नागपूरच्या महालातल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलो. वर टिनाचं छत, खाली १२ मशिनी एकदम सुरू, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे. आधी मराठी ३० ची, म्हणजे मिनिटाला ३० शब्दांची परीक्षा दिली, मग ४० ची. त्यावरच नोकरी लागली, त्यावरच लग्न जमलं. रिटायर झाल्यावर वाटलं, तसं एक मशीन घरी असावं. मुलगी म्हणाली, लॅपटॉपवर टाइपरायटरचा आवाज काढणारं ॲप असतं. ॲप!

नवीन मशीन तर मिळणारच नाही. गोदरेजने १९५५ पासून बनवली, २००९ मध्ये तीही थांबवली. इंग्रजी जुनी अजून सापडतात. मराठीवाली बहुतेक कबाडीवाल्याकडे लोखंडाच्या भावात गेली. म्हणून मोबाइलवर "मराठी रेमिंग्टन, चालू स्थितीत" अशी टाइपरायटरची जाहिरात दिसली तेव्हा मी दुसरं काही पाहिलंच नाही.

विकणारा गोड बोलायचा. अकोल्याचा आहे म्हणाला, वडिलांची संस्था बंद झाली, मशिनी काढायच्या आहेत. पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे: दुसरं गिऱ्हाईक लागलंय, टोकन टाका. टोकन २,०००. मग उरलेले ११,५००. मग पॅकिंग आणि ट्रान्सपोर्टचे १,८५०, "हे मशीनसोबत परत मिळतील." प्रत्येक वेळी क्यूआर कोडवर नाव वेगळं. वडील, मेहुणा, दुकान. तेव्हाच थांबायला हवं होतं, पण खरी चूक ती नाही.

खरी चूक व्हिडिओची. मी मागितला म्हणूनच त्याने पाठवला, आणि त्याचंच मला जास्त लागतं. ४० सेकंदांचा. बटणांवर स्वच्छ देवनागरी अक्षरं, दहाही बोटं आपापल्या जागी, नजर खाली नाही. मी त्या बोटांवरच भाळलो. शिकलेला माणूस आहे, म्हटलं. मग व्हिडिओ तुटतो आणि दुसऱ्या तुकड्यात मराठीत टाइप केलेला कागद दिसतो. रोलरवरचा नाही, हातात धरलेला.

आता तोच व्हिडिओ रोज पाहतो. मराठी मशीनवर अनुस्वार, उकार या डेड की असतात; दाबल्या तरी कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारा भाग, जागचं हलत नाही, म्हणून तर मात्रा अक्षराला चिकटते. त्या व्हिडिओत तो अनुस्वार दाबतो आणि कॅरेज टुणकन एक घर पुढे जातं. दर वेळी. ३१ वर्षं ज्याने हेच केलं त्याच्या डोळ्यांसमोर! तोवर फक्त टोकनचे २,००० गेले होते. बोटांऐवजी कॅरेज पाहिलं असतं तर १३,३५० वाचले असते.

आठ दिवसांनी खोकं आलं. कागद लावला, पहिली की दाबली, कागदावर इंग्रजी डी उमटला. बटणावर मात्र क. नखाने खरवडलं तर स्टिकर निघालं, संगणकाच्या कीबोर्डला लावतात तसलं. ४६ बटणांवर ४६ स्टिकर, एकही चुकीच्या जागी नाही. इतवारीतल्या जुन्या मेकॅनिकने पाहून विचारलं, "केवढ्याले घेतलं?" मी ३,००० सांगितलं. तेही त्याला जास्त वाटले.

बटणांचे फोटो घेऊच नका. आतल्या टाइपबारच्या, म्हणजे कागदावर आपटणाऱ्या दांड्यांच्या, टोकांचे मागा. अक्षरं तिथे कोरलेली असतात, तिथे स्टिकर चालत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "वस्तू भेटली ना तुमाले?" भेटली. "मंग फसवणूक कशी?" मी डेड की समजावून सांगायला लागलो तर साहेब हसले. अर्ज हातचा चालणार नाही, टाइप करून आणा म्हणाले. मला! तिथून कोर्टासमोर गेलो, ८० रुपये देऊन दोन पानं करून आणली, संगणकावर, आणि त्या पोराने "फसवणूक" दोनदा ऱ्हस्व केलं. परत आलो तर साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी सांगितलं, आरोपी अकोल्याचा, तिकडे जा. तो अकोल्याचा आहे हे त्याच्याच तोंडचं, एवढंही कोणी ऐकून घेईना! बँकेत गेलो तर म्हणे, पैसे तुम्हीच पाठवले, आम्ही काय करणार. तिथल्या पोरीने मला "आजोबा, पुढच्या वेळी काळजी घ्या" असंही ऐकवलं.

पैसे गेले त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मी लाजेपायी नऊ दिवस घालवले. व्हिडिओ कॉलवर आजची तारीख समोर टाइप करायला लावा, कागद रोलरवरून काढू देऊ नका. नाव बदललेला क्यूआर आला की फोन ठेवा. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, हे मला ठाण्यात नाही, कोर्टासमोरच्या त्या पोराने सांगितलं. सोमवारी तिकडे जातोय.

मशीन दिवाणावर पडलं आहे. काल रात्री ओळ संपेपर्यंत टाइप करून पाहिलं. बेलसुद्धा वाजत नाही.