लातूरच्या लॅबचं १,४९९ रुपयांचं ‘हार्ट पॅकेज’: घ्यावं का?

बोर्डावर ‘७० तपासण्या’ असं लिहिलंय. हृदयाच्या कामाच्या त्यात पाचच: लिपिड प्रोफाइल (रक्तातली चरबी), उपाशीपोटी साखर, एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम) आणि ईसीजी (हृदयाच्या ठोक्यांचा आलेख). बाकीचा आकडा हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी) अन् लघवीच्या तपासणीतला एकेक घटक सुटा मोजून वाढवलाय.

रक्त घेण्याचं काम मात्र चोख. साखरेसाठी राखाडी झाकणाची फ्लोराइडची नळी वापरतात. साध्या नळीत रक्तपेशी साखर खात राहतात; मराठवाड्याच्या उन्हात नमुना तासभर राहिला तरी आकडा खोटाच कमी येतो.

खरी अडचण रिपोर्टात आहे. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) इथं मोजत नाहीत, सूत्रानं काढतात: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) आणि ट्रायग्लिसराइडचा (रक्तातल्या दुसऱ्या चरबीचा) पाचवा भाग वजा. समजा, एकूण १९०, एचडीएल ३४, ट्रायग्लिसराइड २८०. एलडीएल येतं १००, माणूस निर्धास्त होतो. पण १९० मधून ३४ वजा केले की नॉन-एचडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं सगळं कोलेस्टेरॉल, १५६ निघतं, आणि ते साधारण १३० च्या आत हवं. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या आपल्याकडच्या माणसात हेच चित्र वारंवार दिसतं. रिपोर्टात ही ओळच नाही. वजाबाकी स्वतः करा. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर ते सूत्रच चालत नाही, ‘डायरेक्ट एलडीएल’ (थेट मोजलेलं) मागा.

ईसीजीवरून ‘ब्लॉकेज नाही’ असं काउंटरवर सांगतात, ते चूक आहे. आडवं झोपवून काढलेली पट्टी धमनी बरीच अरुंद असतानाही नॉर्मल येऊ शकते. शिवाय झटका पुष्कळदा धमनीतला चरबीचा लहान थर फुटून त्यावर गुठळी बसल्यानं येतो.

सगळ्यात खटकतो तो फॉर्म. ‘धूम्रपान: हो/नाही’ एवढंच. तंबाखू-चुना, गुटखा, मिश्री यांचा रकानाच नाही, आणि आपल्या भागात तोच आधी हवा. वडील-भावाला ५५ च्या आत, आई-बहिणीला ६५ च्या आत झटका आला होता का, हेही विचारत नाहीत. बीपी नाही, कंबरेचं माप नाही (पुरुष ९०, बायका ८० सेंटीमीटरच्या आत).

तिशी ओलांडली असेल तर बीपी आणि साखर गावच्या आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) फुकट तपासून घ्या; इथं फक्त लिपिड आणि एचबीएवनसी सुटं करा. छातीवर दडपण, जबड्यात कळ, दरदरून घाम असं काही असेल तर हे पॅकेज नकोच, थेट १०८ लावा. मधुमेह्याला कळ न येता नुसता दमही लागू शकतो.