मोडलेला घोटा आणि झोप मोजणारा बँड : सात महिन्यांचा अनुभव

जूनच्या पहिल्याच पावसात जिन्यावर पाय घसरला आणि उजवा घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन होऊन प्लेट-स्क्रू बसले. घरी आल्यावर भाच्याने झोप मोजणारा बँड आणून दिला. किंमत अडीच हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही.

आधी किरकोळ गोष्टी. एकदा चार्ज केला की आठवडा निघतो. पावसाळ्यात पट्टा ओला राहून मनगटावर पुरळ आलं, मग तो रोज पुसून हात बदलून बांधायला लागले.

आता मुद्द्याचं. झोपेचं मला कधीच कौतुक नव्हतं. वर्षानुवर्षं साडेबाराला आडवं व्हायचं आणि पाचला उठून डबे करायचे. पाय मोडल्यावर डबे सुटले, पण एक वाजेपर्यंत मोबाइल सुरू झाला. बँडने पहिल्या महिन्याची सरासरी दाखवली 4 तास 50 मिनिटं. फिजिओ ताई विचारायच्या, "आज दुखणं दहापैकी किती?" तो आकडा मी वहीत लिहायचे. एकदा कंटाळा म्हणून शेजारी झोपेचे तास लिहिले. पाच तासांच्या आतल्या रात्रीनंतर सहा-सात, बऱ्या रात्रीनंतर चार. दुखतं म्हणून झोप नाही, की झोप नाही म्हणून दुखतं? डॉक्टर म्हणाले, दोन्ही. झोप अपुरी पडली की वेदना सोसायची ताकद कमी होते. पुढे म्हणाले, "प्लेट हाड धरून ठेवते, जोडत नाही. जोडायचं काम तुमच्या शरीराचं." त्या कामात लागणाऱ्या ग्रोथ हॉर्मोनचा मोठा वाटा पहिल्या काही तासांच्या गाढ झोपेत सुटतो, हे मला तेव्हा कळलं.

नंतर वाचत सुटले. 2017 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी भाजलेल्या 118 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. दिवसा भाजलेल्यांच्या जखमा सरासरी 17 दिवसांत भरल्या, रात्री भाजलेल्यांच्या 28 दिवसांत. जखम भरणाऱ्या पेशींनाही स्वतःचं घड्याळ असतं, असं त्यांना दिसलं. हा अभ्यास झोपेचा नाही, शरीराच्या घड्याळाचा आहे. आणि तो कातडीचा, हाडाचा नाही. तरी मी झोपायची वेळ ठरवून घेतली ती तो वाचूनच.

मोबाइल रात्री स्वयंपाकघरात. दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारून झोपायच्या वेळेला घेतली. पायाखालची फोमची उशी रात्रीतून सटकायची, तिथे सासूबाईंची जुनी कापसाची उशी आली. ती जागची हलत नाही. दूधवाल्याने साडेपाचला बेल वाजवू नये म्हणून दाराच्या कडीला पिशवी अडकवली. या पिशवीचा उपयोग बँडपेक्षा जास्त झाला असेल. सप्टेंबरात झोपेची सरासरी पावणेसात तासांवर आली आणि वहीतला आकडा तीनच्या वर क्वचित गेला. अर्थात तोवर तीन महिने होऊन गेले होते, हाड तसंही जुळतच होतं. सगळं श्रेय झोपेला देणार नाही.

बँडची मोठी खोट म्हणजे तो हालचाल आणि नाडीवरून अंदाज बांधतो. पाय उंच ठेवून मी मालिका बघत पडले होते, त्याची याने 50 मिनिटं 'हलकी झोप' लावली! गाढ झोप खरी मोजायची तर डोक्याला वायरी लावून मेंदूच्या लहरी बघाव्या लागतात. त्यामुळे 'गाढ झोप 1 तास 12 मिनिटं' असले आकडे मी सोडून देते. किती वाजता झोपले, किती वाजता उठले, एवढंच बघते. ऑगस्टमध्ये सकाळी ताजीतवानी उठायचे, बँडवर झोपेला 61 गुण दिसले की लगेच थकल्यासारखं वाटायचं. तेव्हापासून ॲप फक्त रविवारी उघडते.

पाच पैकी साडेतीन तारे. महिनाभर स्वतःचा हिशेब बघायला घ्या, पण गाढ झोप मोजायला म्हणून घेऊ नका. माझा सध्या नवऱ्याच्या मनगटावर आहे. घोरणं मोजायची सोय त्यात नाही, ते मीच मोजते.