बारा अंड्यांचा ईस्टर संच: घरच्या उपासनेसाठी घ्यावा का?

प्लास्टिकची बारा रंगीत अंडी, प्रत्येकात येशूच्या दुःखसहनाच्या आणि क्रूसावरील मरणाच्या कथेतली एक वस्तू: गाढव, चांदीची नाणी, प्याला, काट्यांचा मुकुट, खेळायचा फासा, भाला, तागाचे वस्त्र, धोंडा. बारावे अंडे रिकामे, कारण कबर रिकामी! लहान मुलांना पुनरुत्थान, म्हणजे येशूचे मेलेल्यांतून उठणे, इतक्या थेट समजावणारे दुसरे साधन क्वचितच मिळेल.

झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधीच्या बुधवारी सुरुवात करून रोज एक अंडे उघडा, म्हणजे रिकामे अंडे बरोबर ईस्टरच्या सकाळी येते. सोबतची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते. ती बाजूला ठेवून मराठी पवित्र शास्त्रातून (बायबलमधून) दोन-तीनच वचने वाचा. गाढवासाठी मत्तय २१:७, नाण्यांसाठी मत्तय २६:१५, फाशासाठी योहान १९:२४, रिकाम्या अंड्यासाठी लूक २४:६. वस्तू आधी मुलाच्या हातात द्या, वचन नंतर. उलट केले की लक्ष अंड्यावरच राहते.

झाकणे सैल असतात, मुलांनी शोधावीत म्हणून अंडी लपवताना ती उघडून वस्तू हरवतात. प्रत्येक अंड्याला कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा. नाणी, फासा गिळण्याएवढे लहान आहेत, म्हणून तीन वर्षांखालील मुलांना अंडी मुळीच देऊ नका. चार ते आठ वयाला संच उत्तम. मोठ्या मुलांना वस्तूवरून वचन शोधायला लावा.