मामांचे बारा लाख मी कसे घालवले

मामा 2022 च्या मार्चमध्ये गेले. मूलबाळ नव्हतं, मामी आधीच गेलेल्या. मृत्युपत्र दोन पानांचं, सरळ. गावच्या वाचनालयाला एक लाख आणि उरलेलं आम्हा चार भाचरांत सारखं. मृत्युपत्राप्रमाणे सगळं पार पाडणारा व्यवस्थापक (एक्झिक्युटर) म्हणून माझं नाव. 'तुला हिशेबातलं कळतं,' असं ते नेहमी म्हणायचे.

बँकेतल्या ठेवींना नॉमिनी मीच होतो. दाखला, केवायसी वगैरे देऊन महिनाभरात 18 लाख 40 हजार माझ्या बचत खात्यात आले. शाखेतल्या बाईंनी तेव्हाच विचारलं होतं, "मामांच्या मालमत्तेच्या नावाने वेगळं खातं काढताय ना?" नॉमिनीच्या हातात पैसे आले म्हणून ते त्याचे होत नाहीत, वारसांसाठी सांभाळायचे असतात, हे मला माहीत होतं. पण वेगळा पॅन काढा, पुन्हा अर्ज करा, कोण करणार? मी काय ते खाणार होतो? राहू दिले माझ्याच खात्यात.

पुण्यातला फ्लॅट विकायचा बाकी होता. तो विकला की एकदमच वाटू, असं चौघांचं ठरलं. गिऱ्हाईक काही मिळेना. मे महिन्यात मावसभावाचा फोन आला. बोलता बोलता म्हणाला, "दादा, त्या पैशांवर व्याज तरी बरं मिळतंय ना?" त्याच्या मनात काही नव्हतं. मला मात्र ते लागलं. बचत खात्यावर तीन टक्केसुद्धा मिळत नव्हते.

आणि नेमके त्याच आठवड्यात एजंटकाका आले. मामांची पोस्टातली आणि बाकीची गुंतवणूक हेच बघायचे, वीसएक वर्षं. दहाव्यालाही घाटावर शेवटपर्यंत थांबले होते. मामांच्या वहीत त्यांच्या हातच्या पावत्या टाचणीने लावलेल्या होत्या, सगळ्या खऱ्या, सगळ्यांचे पैसे वेळेवर आलेले. म्हणाले, "साहेब, पतसंस्थेत टाका. अकरा टक्के देतो, दरमहा व्याज खात्यात." पतसंस्था खरी, नावाजलेली, आमच्या घरापासून दोन चौक पुढे. रोज तिच्यावरून जातो.

बारा लाखांचा चेक द्यायचा ठरला. तेव्हा ते म्हणाले, चेक पतसंस्थेच्या नावाने नको, आमच्या फर्मच्या नावाने द्या. आम्ही सगळ्यांचे एकत्र भरतो, म्हणून अर्धा टक्का जास्त मिळतो, नाहीतर साडेदहाच. फर्मचं नाव पतसंस्थेच्या नावासारखंच, शेवटी एक शब्द वेगळा. मी लिहून दिला. समोर बसून त्यांनी फॉर्म भरला, दोन फोटो घेतले आणि पेन वर करून विचारलं, "नॉमिनी कोणाला घालू?" या एका प्रश्नाने माझी उरलीसुरली शंका गेली. फसवणारा माणूस नॉमिनी कशाला विचारेल?

चार दिवसांत पावती आली. जाड पिवळा कागद, गोल शिक्का, दोन सह्या. ती मी मामांच्याच वहीत टाचली.

चार महिने 11,000 रुपये बिनचूक जमा झाले. भावंडांच्या ग्रुपवर मी ते मिरवलेही. पाचव्या महिन्यात काही आलं नाही. "सॉफ्टवेअर बदलतंय." सहाव्यात फोन उचलणं बंद. त्याच सुमारास मामांच्या उत्पन्नाचं विवरणपत्र भरायला मी सीएकडे गेलो होतो. वाटप पूर्ण होईपर्यंत मृताच्या मालमत्तेचं उत्पन्न व्यवस्थापकाला वेगळं दाखवावं लागतं, तेही तिथेच कळलं. त्यांनी माझ्या पासबुकावर बोट ठेवलं. "हे व्याज पतसंस्थेकडून नाही आलेलं. कुणा बाईच्या नावाने आलंय." चारही नोंदींत तेच नाव. चार महिने मी फक्त आकडा पाहत होतो.

तसाच पतसंस्थेत गेलो. मॅनेजरांनी पावती उजेडाकडे धरली, नंबर संगणकावर टाकला आणि म्हणाले, "हा नंबर आमच्याकडे पंधरा हजारांच्या जुन्या ठेवीचा आहे. ही पावती आमची नाही." दोन चौकांवरचं हे ऑफिस. मे महिन्यात दहा मिनिटं काढून पावती दाखवली असती तर कदाचित चेकही थांबवता आला असता.

आर्थिक गुन्हे शाखेत तक्रार दिली. तिथे आणखी तिघे भेटले, तिघांकडे तसलीच पिवळी पावती. काका आता जामिनावर आहेत. पैसे कुठे गेले, कुणालाच सांगता येत नाही.

वकिलांनी जे सांगितलं ते मला आधी कळायला हवं होतं. भारतीय वारसा कायद्याच्या कलम 368 प्रमाणे व्यवस्थापकाने मालमत्तेचा गैरवापर केला किंवा तिचं नुकसान केलं, तर भरपाई त्यानेच करायची. हेतू चांगला होता, हे सांगून सुटका नाही. आणि कलम 337 प्रमाणे मृत्यूनंतर एक वर्ष होईपर्यंत वाटप करायची सक्तीच नसते. म्हणजे मला कुणी घाई केलेलीच नव्हती. पैसे साध्या बँक ठेवीत, कमी व्याजाने, पडून राहिले असते तर कुणी काही विचारणार नव्हतं. शिवाय ठेव खरी असती तरी पाच लाखांचा ठेव विमा बँकांना आहे, सहकारी बँकांनाही आहे, पण पतसंस्थांना नाही. हे मला पन्नाशीत समजलं.

बुडाले 11 लाख 56 हजार. त्यातला चौथा हिस्सा माझाच, तो गेला. तिघांचे 8 लाख 67 हजार मी माझ्या ठेवी मोडून भरले. बहीण म्हणाली, "अरे, तू घेतलेस असं कुणीच म्हणत नाहीये." कुणी म्हणत नव्हतं, तर तिला हे वाक्य सुचलं कुठून, असा विचार मी अजून करतो.

वाचनालयाचा एक लाख मी स्वतः नेऊन दिला, संस्थेच्याच नावाच्या चेकने. चिटणीसांनी पावती फाडून हातात दिली. मी ती उलटसुलट करून बघत बसलो, नंबर, शिक्का, सही. ते जरा ओशाळून म्हणाले, "नाव चुकलंय का मामांचं?"