स्पेक्टर (2015): ओपनिंग कडक, पण व्हिलनची पार वाट लावली

डॅनियल क्रेगचा हा चौथा बॉन्ड, सिरीजमधला चोविसावा, आणि सुरुवात एवढी भारी आहे की पुढचं सगळं त्याच्यापुढे फिकं पडतं. मेक्सिको सिटी, मृतांचा सण, कवट्यांचे मुखवटे घातलेली तुडुंब गर्दी आणि कॅमेरा बॉन्डच्या मागे मागे रस्त्यावरून हॉटेलात, लिफ्टमधून खोलीत, खिडकीतून थेट गच्चीवर, मध्ये कट कुठे दिसतच नाही (जोडलेत शॉट, पण शोधत बसावं लागतं). गंमत म्हणजे तिथे अशी मोठी परेड आधी निघतच नव्हती, पिक्चरमुळे 2016 ला शहराने खरोखर सुरू केली!

रोममधला कार चेस मात्र सपक. डीबी10 ही ॲस्टन मार्टिन खास या पिक्चरसाठी बनवलेली, मागे जॅग्वार, दोन्ही गाड्या देखण्या, पण रस्ते रिकामे आणि बॉन्ड साहेब फोनवर बोलतायत, त्यालाच टेन्शन नाही तर आपल्याला कुठून येणार. त्यापेक्षा ट्रेनमधली फाइट बघा. बटिस्टाचा हिंक्स अख्ख्या पिक्चरमध्ये एकच शब्द बोलतो पण दहशत त्याचीच, बॉन्ड खरंच मार खातो. फक्त एवढी तोडफोड झाली तरी एक प्रवासी की टीसी फिरकत नाही, असो.

आता मुख्य दुखणं, स्पॉयलर आहे. ब्लोफेल्ड म्हणजे बॉन्डचा जुना दुश्मन, स्पेक्टर ही त्याची गुन्हेगारी संघटना, या दोघांच्या हक्कांचं भांडण कित्येक वर्षं चाललं, 2013 ला मिटलं, म्हणून तो परत आला. ब्लोफेल्ड झालेल्या क्रिस्टोफ वॉल्ट्झची एन्ट्रीही काय मस्त, अंधारात चेहरा, हळू आवाज, मीटिंगमध्ये सगळ्यांची तंतरलेली. आणि मग कळतं काय, तर ज्या घरी लहानपणी बॉन्डला सांभाळलं त्या घरचाच हा मुलगा, बाबांनी बॉन्डचे जास्त लाड केले म्हणून याला राग! अरे, अख्ख्या जगावर पाळत ठेवायला निघालेला माणूस आणि कारण हे? वर आधीच्या तिन्ही पिक्चरचे व्हिलन म्हणे याचेच नोकर. आधीच्या स्कायफॉलमधल्या व्हिलनचा, सिल्वाचा, एमवरचा (बॉन्डच्या तेव्हाच्या बॉसवरचा) राग किती पटायचा, त्याचीही हवा काढून टाकली. तिथेच तो ड्रिलचा सीन, डोक्यात सुई घातली की आठवणी जातील वगैरे, आणि दोन मिनिटांत बॉन्ड उठून धडाधड नेम धरून गोळ्या मारतोय.

लेआ सेदू चांगली आहे पण तिला प्रेमात पडायला स्क्रिप्टने वेळच दिला नाही, मोनिका बेलुचीला तर आणून वाया घालवलं.

अडीच तासाला दोन मिनिटं कमी एवढा लांब आहे, शेवटचा लंडनचा भाग ओढून ताणून केलेला, तो फॉरवर्ड केला तरी चालेल, फक्त रेफ फाइन्स आणि अँड्र्यू स्कॉटची खडाजंगी तेवढी थांबून बघा.