मेलेली निगेटिव्ह आणि तात्यांची टोपी

"निगेटिव्ह मेलीय हो काका. तीस वर्षं झाली, हायलाइट उडाले सगळे." लग्नाच्या जुन्या निगेटिव्ह स्कॅन करायला दिल्या होत्या. हायलाइट म्हणजे फोटोतले सगळ्यात उजळ भाग. दुकानदाराने स्क्रीनवर बोट टेकवून हे सांगितलं आणि मी मान डोलावली. तिथेच फसलो. दुकान साताऱ्यातलं, नाव लिहीत नाही.

मे १९९६, ताईचं लग्न, कोरेगावच्या घरापुढे मांडव. अर्धी माणसं भर उन्हात, अर्धी कनातीच्या सावलीत. एकूण ८४ फ्रेम. फ्रेमला २० रुपये, म्हणजे १६८० रुपयांत स्कॅनिंग, असं ठरलं आणि निगेटिव्हचं पाकीट ठेवून आलो. चार दिवसांनी फोन आला. जाऊन बघतो तर तात्यांच्या टोपीच्या जागी नुसता पांढरा ठिपका आणि मांडवातल्या बायका काळोखात बुडालेल्या. "रिस्टोरेशन करावं लागेल, फोटोला १२०." असे ६१ फोटो निघाले. वरचे ७३२०. एकूण नऊ हजार मोजले आणि वर त्याचे आभारही मानून आलो.

घरी पेन ड्राइव्ह लावला. टोपी होती, पण तात्यांची नव्हती. गुळगुळीत, आत्ताच दुकानातून आणल्यासारखी. आईच्या नथीचे मोती एकमेकांत विरघळलेले, आणि सावलीतल्या मावशीला कुणाचा तरी भलताच जबडा.

पुढच्या रविवारी भाचा आला. त्याने मोबाइलची स्क्रीन कोरी पांढरी केली, निगेटिव्हची पट्टी कडांना धरून तिच्या थोडी वर धरली आणि मला भिंग दिलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. जिथे ऊन जास्त तिथे फिल्म दाट, जिथे सावली तिथे पातळ, नारिंगी. टोपी म्हणजे एक काळपट डाग. पण त्या डागात घड्या मोजता येत होत्या. "मामा, यात सगळं आहे. स्कॅन करतानाच फेकून दिलंय."

निगेटिव्ह जुनी होऊन रंग उतरले तर फोटोवर कसली तरी झाक येते, टोपीची घडी नाहीशी होत नाही. घडी जाते ती स्कॅनरचं 'ऑटो', म्हणजे उजेड-काळोख आपोआप ठरवणं, चालू ठेवल्यावर, नाहीतर स्कॅनिंगच्या प्रोग्रॅममधल्या काळ्या-पांढऱ्याच्या खुणा हाताने आत ओढल्यावर. त्या खुणांच्या बाहेर जे पडलं ते थेट पूर्ण पांढरं किंवा पूर्ण काळं. त्यात जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची छोटी फाइल, तिच्यात लाल, हिरवा, निळा या प्रत्येक चॅनेलला २५६च पायऱ्या. जास्त तपशील ठेवणाऱ्या १६ बिट टिफ फाइलमध्ये त्या ६५,५३६ असतात. जेपेगमध्ये एकदा पूर्ण पांढरा झालेला उजेड नंतर कितीही ओढा, निघत नाही. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळं ते पांढरं किती आहे दाखवणारा आलेख, त्याचा डोंगर उजव्या किंवा डाव्या भिंतीला उभा चिकटलेला दिसला, की समजायचं.

हे अज्ञानातून झालं असेल असंही मी मानलं असतं. पण पेन ड्राइव्हवर 'टेस्ट' नावाचा एक फोल्डर राहून गेला होता. त्यात आमच्याच तीन फ्रेम, टोपीच्या घड्यांसकट. म्हणजे चांगला स्कॅन आधी झाला होता.

दुकानात गेलो. "पावतीवर रिस्टोरेशन लिहिलंय, सही तुमची आहे." फोल्डर दाखवल्यावर म्हणाला, पोराने चुकून टाकला. पैसे मिळाले नाहीत. पाकीट मात्र काउंटरवरच उघडून पट्ट्या मोजून घेतल्या. तुम्हीही देताना आणि घेताना मोजा. दुरुस्तीचं नाव निघालं की आधी साधा, काहीही न सुधारलेला टिफ मागा. "तसं काही नसतं" असं उत्तर आलं, तर पाकीट उचलून चालू लागा.

भाच्याने मित्राचा स्कॅनर आणून सगळं पुन्हा केलं. ऑटो बंद. चौकट फोटोच्या आतच धरली, कारण होल्डरची कड किंवा फिल्मची भोकं आत आली की मोजणी बिघडते. काळ्याची खूण फिल्मच्या कोऱ्या कडेवरून घेतली, पांढऱ्याची सैल ठेवली. स्कॅन आधी फिका, मेणचट दिसतो. तसाच दिसू द्यायचा, कॉन्ट्रास्ट नंतर. रात्रीच्या वरातीच्या दोन फ्रेम खरंच कोऱ्या निघाल्या. सावलीत उजेड पोचलाच नव्हता, तिथे कुणाचाच इलाज नाही. ६१ पैकी दोन.

टोपीचा फोटो आईला मोठा करून दाखवला. कडेला तीन पिवळी बोटं उमटलेली. आई म्हणाली, "माझीच ती. हळदीच्या हाताने टोपी सरळ करायला गेले, तर केवढे खेकसले होते माझ्यावर."