स्वस्तात मिळालेला दिग्गज की बाकावरचा पोरगा?

एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, दर उन्हाळ्यात ही बातमी ठरलेली असते. कधीकाळी ऑल-स्टार (लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) असलेला, आता पस्तिशी ओलांडलेला एखादा खेळाडू किमान पगारावर एका वर्षासाठी करार करतो आणि तासाभरात चाहत्यांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, "एवढ्या पैशांत एवढं नाव मिळतंय, घ्या की! जातंय काय आपलं?" दुसरा म्हणतो, "त्याचे गुडघे कधीच संपलेत. त्या जागी पोराला खेळवा." मी दोन्ही तटांत बसून भांडलो आहे, कधीकधी एकाच आठवड्यात. तुमच्या संघानेही असा करार केला असेल आणि बाजू ठरत नसेल, तर आधी पैशाचा मुद्दा बाजूला काढू, कारण सगळ्यात जास्त आरडाओरडा त्याच्यावरून होतो आणि अर्थ त्यात सगळ्यात कमी असतो.

किमान पगार अनुभवानुसार वाढतो. 2024-25 च्या हंगामात दहा किंवा त्याहून जास्त वर्षं खेळलेल्याला किमान करारावर सुमारे 33 लाख डॉलर मिळत होते. पण करार एका वर्षाचा असेल तर संघाच्या हिशोबात त्यातले जेमतेम 21 लाख धरले जात, म्हणजे दोन वर्षांचा अनुभव असलेल्या खेळाडूच्या किमान पगाराइतकेच. वरचा फरक लीग भरते. महाग पडतो म्हणून जुन्या खेळाडूला कुणी टाळू नये, यासाठी हा नियम आहे. पंधरा वर्षं खेळलेला दिग्गज आणि तिसऱ्या वर्षातला पोरगा, दोघेही संघाला जवळपास सारखेच पडतात. म्हणून 'स्वस्तात मिळाला' हे कौतुकही पोकळ आणि 'म्हाताऱ्यावर पैसे उधळले' ही ओरडही पोकळ. लक्झरी टॅक्स (पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडल्याचा दंड) भरणाऱ्या संघाला प्रत्येक डॉलर कितीतरी पट महाग पडतो हे खरं, पण तो पोराच्या बाबतीतही पडतोच.

खरी टंचाई जागांची असते. नेहमीचे करार पंधरा आणि टू-वे करार (मुख्य संघ आणि दुय्यम लीगमधला संघ, दोन्हीकडे खेळायचे) तीन, एवढीच माणसं ठेवता येतात. टू-वेवरचा पोरगा मुख्य संघासोबत जास्तीत जास्त पन्नास सामने राहू शकतो आणि त्याचा करार बदलून नेहमीचा केला नाही, तर प्लेऑफला (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांना) त्याला बसूनच राहावं लागतं. पंधरावी खुर्ची दिग्गजाला दिली की या पोराची वाट तिथेच अडते. याहून मोठी टंचाई मिनिटांची. 48 मिनिटांचा सामना, मैदानात पाच जण, म्हणजे वाटायला एकूण 240 मिनिटं. त्यातली बहुतेक आठ-नऊ जणांतच संपतात. दिग्गजाला रोज मिळणारी 14 मिनिटं कुणाच्या तरी वाट्यातून गेलेली असतात. वाद घालायचाच तर यावर घाला.

आता दिग्गजाची बाजू. तिचा सगळ्यात भक्कम साक्षीदार रे ॲलन. 2012 मध्ये बोस्टन त्याला दोन वर्षांचे 1 कोटी 20 लाख डॉलर देत होतं. तो वर्षाला साधारण तीस लाखांवर मायामीला गेला. बोस्टनवाल्यांनी त्याला जे काही म्हणायचं ते म्हणून घेतलं. पुढच्या जूनमधल्या अंतिम फेरीच्या (आधी चार सामने जिंकेल तो विजेता) सहाव्या सामन्यात सॅन अँटोनिओ तीन गुणांनी पुढे होतं. करंडक देण्याच्या तयारीत मैदानाभोवती पिवळी दोरी धरून माणसं उभी राहिली होती. मायामीच्या लेब्रॉनचा फटका हुकला, बॉशने रिबाउंड ओढला (हुकलेला चेंडू पकडला), आणि ॲलन तोवर उलट्या पावलांनी उजव्या कोपऱ्याकडे निघालाही होता. पाय तीन गुणांच्या रेषेच्या मागे पडले की नाही हे त्याने खाली वाकून पाहिलं नाही. जमिनीवर पडून उठायचं, मागे सरकायचं आणि फटका मारायचा, हा सराव तो वर्षानुवर्षं करत आला होता. 5.2 सेकंद उरले असताना बरोबरी झाली आणि जादा वेळेत मायामी जिंकलं. ॲलन तेव्हा 37 वर्षांचा होता.

पण ही गोष्ट इथे थांबवली तर फसवणूक होईल. दोनच दिवसांनी झालेल्या सातव्या सामन्यात ॲलनचा एकही गुण नाही! तो सामना लावून धरणाऱ्यांत होता शेन बॅटिए, तोही कमी पैशांत आलेला 34 वर्षांचा गडी. त्याने सहा थ्री पॉइंटर मारले. आणि हाच बॅटिए त्याआधीच्या फेरीत, इंडियानाविरुद्धच्या निर्णायक सामन्यात, मिनिटभरही खेळला नव्हता. दिग्गज घेताना नेमकं हेच विकत घेतलं जातं. दहा दिवस बसवून ठेवलं तरी अकराव्या दिवशी हात थरथरत नाही असा माणूस. विसाव्या वर्षी हे फार थोड्यांना जमतं.

आता उलट उदाहरण. 2003 मध्ये कार्ल मलोन लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे आला तो 15 लाख डॉलरवर. आदल्या वर्षी युटामध्ये त्याचा पगार पावणेदोन-दोन कोटींच्या घरात होता. युटातल्या 18 हंगामांत मिळून या माणसाचे फक्त 10 सामने चुकले होते. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला आणि एकाच हंगामात त्याचे जवळपास चाळीस सामने गेले. अंतिम फेरीत तो लंगडत खेळला, पाचव्या सामन्यात उतरलाच नाही, आणि डेट्रॉइटने 4-1 ने काम तमाम केलं. इतकी वर्षं न दुखावलेलं शरीर चाळिशीतही दुखावणार नाही, असं मानणाऱ्या चाहत्याला मी दोष देत नाही. मलाही तसंच वाटलं असतं.

पोरांच्या बाजूचा माझा आवडता पुरावा तर लेकर्सच्याच 2021-22 च्या संघात आहे. त्या वर्षी त्यांनी ॲलेक्स करुसोला शिकागोला जाऊ दिलं आणि किमान करारांवर जुनी नावं भरली. कार्मेलो अँथनी, ड्वाइट हॉवर्ड, ट्रेव्हर अरिझा, डिआंद्रे जॉर्डन. 33 विजय, 49 पराभव, प्लेऑफही हुकले. त्याच संघात ऑस्टिन रीव्ह्ज नावाचा, ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) कुणीही न निवडलेला पोरगा होता. टू-वे करारावर आला, हंगाम सुरू होण्याआधी नेहमीच्या करारावर गेला आणि पुढे संघाच्या मुख्य खेळाडूंपैकी एक झाला. ती एक खुर्चीही आणखी एखाद्या मोठ्या नावाला दिली असती तर? गंमत म्हणजे कार्मेलो त्या वर्षी वाईट खेळलाच नाही. 37 व्या वर्षी, बहुतेक सामने बेंचवरून येऊन, सरासरी 13.3 गुण. एका जुन्या खेळाडूला संघ झाकून नेतो. सहा जुने एकत्र आले की बचावात धावणार कोण?

पोरांच्या पक्षाचीही एक खोड आहे. ते रीव्ह्जचं नाव घेतात. त्याच खुर्चीवर बसून दोन वर्षांत युरोपला गेलेल्या डझनावारी पोरांची नावं कुणालाच आठवत नाहीत, मलाही नाही.

आता ज्यामुळे माझं मत बनलं त्याकडे येतो. एकाच माणसाचे दोन करार शेजारी ठेवून पाहा. गॅरी पेटन मलोनसोबतच लेकर्सकडे आला. सगळे 82 सामने त्याने सुरुवातीपासून खेळले, पण चेंडू सतत आपल्या हातात ठेवून खेळायची सवय असलेल्या पॉइंट गार्डला तिथली ट्रँगल पद्धत (चेंडू सगळ्यांत फिरवत खेळायची) कधी मानवली नाही. दोन वर्षांनी तो मायामीत, त्याहून कमी पैशांत, बेंचवर होता. 2006 च्या अंतिम फेरीत डॅलसविरुद्ध मायामी 0-2 ने मागे, तिसरा सामना बरोबरीत, 9.3 सेकंद बाकी, आणि पेटनने मारलेला फटका आत गेला. पुढचे तिन्ही सामनेही मायामीने जिंकले. पेटन काही दोन वर्षांत तरुण झाला नव्हता, त्याचं काम लहान झालं होतं.

कार्मेलोचंही तसंच. 2017 मध्ये बेंचवरून खेळशील का असं विचारल्यावर तो चक्क हसला होता. 2018 मध्ये ह्यूस्टनमध्ये किमान करारावर दहा सामन्यांत खेळ खल्लास. मग वर्षभर कुणी विचारलं नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये पोर्टलंडला त्याच्या जागेवर माणूसच उरला नव्हता, तेव्हा त्याने 58 सामने सुरुवातीपासून खेळून सरासरी 15.4 गुण काढले. ख्रिस पॉलने 2024-25 मध्ये सॅन अँटोनिओत तरुण वेम्बान्यामाच्या पोरसवदा संघात चाळिशीच्या उंबरठ्यावर सगळे 82 सामने सुरू केले. पुढच्या उन्हाळ्यात तो किमान करारावर क्लिपर्सकडे परतला, आणि डिसेंबर उजाडताच संघाने त्याला घरी पाठवलं. दोन्हीकडे माणूस तोच, आणि दुसरीकडे तर तो आणखी स्वस्त होता.

म्हणून मी बाजू घेताना खेळाडूकडे नंतर पाहतो, आधी त्याला दिलेल्या कामाकडे. काम एका वाक्यात सांगता येतं का? हॉवर्डला 2019 मध्ये लेकर्सने घेतलं तेव्हा करार हमीचा नव्हता (मध्येच सोडलं तर पूर्ण पगार नाही), पण काम स्वच्छ होतं: सुरुवातीपासून खेळणाऱ्या जव्हेल मॅगीच्या मागून यायचं, रिबाउंड ओढायचे, समोरच्या उंच माणसाला अंगावर घ्यायचं. त्या वर्षी करंडक आला. उलट 'अनुभव मिळेल', 'ड्रेसिंग रूममध्ये वजन पडेल' एवढंच कारण सांगितलं जात असेल तर मी पोरांच्या बाजूला. त्या कामासाठी उडोनिस हॅस्लेमसारखा माणूस लागतो. 2022-23 मध्ये तो मायामीकडून फक्त सात सामने खेळला आणि त्याबद्दल कुरकुर केली नाही. त्याच संघात स्ट्रस आणि व्हिन्सेंट ही टू-वेवरून वर आलेली पोरं अंतिम फेरीपर्यंत खेळली. मिनिटं न मागणारा दिग्गज असेल तर दोन्ही साधतं, पण असे हॅस्लेम बोटावर मोजण्याइतकेच.

संघ कुठे उभा आहे हेही पाहा. जेतेपदाच्या रांगेतला संघ मे महिन्यातल्या सहा मिनिटांसाठी माणूस घेतो. तिथे फटका अचूक असेल आणि पाय जरा मंद असतील तरी चालवून घ्या. नेमबाजी, पास आणि नजर उशिरा म्हातारी होतात, आडवं सरकणारे पाय आधी. संघ पंचवीस-तीस विजयांचा असेल तर फक्त पॉइंट गार्ड घ्या, तोही शिकवणारा. विंगवरच्या (बाजूने खेळणाऱ्या) थकलेल्या स्कोअररने तुमच्या पोरांची मिनिटं खाण्यात काहीच हशील नाही.

आणि कोच. याचा विचार कुणी करत नाही. सलग तीन सामने हरलेला कोच घाबरतो, आणि घाबरलेला कोच ओळखीचा चेहरा मैदानात पाठवतो. जीएमने (संघ बांधणाऱ्या व्यवस्थापकाने) बाराव्या खेळाडूसाठी केलेला करार नोव्हेंबरात सातवा खेळाडू होऊन बसतो. तुमच्या कोचला ही सवय असेल तर दिग्गज कितीही गुणी असला तरी मी नको म्हणेन.

करार हमीचा नसेल तर एक तारीख लिहून ठेवा. 10 जानेवारीला असे सगळे करार पूर्ण हमीचे होतात, आणि संघाला माणूस सोडायचा असेल तर 7 जानेवारीपर्यंत सोडावा लागतो. तोवर पस्तीसेक सामने झालेले असतात. त्यातले अटीतटीचे सामने काढा आणि शेवटच्या पाच मिनिटांत मैदानात कोण होतं ते पाहा. दिग्गज होता आणि पोरगा बसलेला होता, असं पुन्हा पुन्हा दिसलं तर भांडायला माझ्या तटात या.